जलसा म्हणजे नुसती गाणी नव्हेत

काळी_माती: "जलशाचा काळ गेला, दीड मिनिटाचं भीमगीत रीलवर टाका, तेवढं प्रबोधन पुरे" असं काल इथं कुणी तरी लिहिलं. वाचून राहवेना. जलशात, म्हणजे गाण्या-नाट्यातून लोकांना जागं करणाऱ्या कार्यक्रमात, गाणं माणसं गोळा करतं, पण वाद लढला जातो तो बतावणीत, म्हणजे सोंगाड्या आणि शाहिराच्या विनोदी सवालजवाबात. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, मजकूर बदलला, तरी सोंगाड्या ठेवलाच. समोर बसलेल्याच्या मनातलं तोच बोलून टाकतो: "पोर शाळंत गेलं तर गुरं कोण राखणार?" लोक हसतात, कारण बोल त्यांचाच असतो. मग शाहीर कागदावर अंगठा कुठं उठतो आणि व्याज कसं चढतं ते फोडून सांगतो. याला पंधरा मिनिटं लागतात. रीलमध्ये उत्तर तेवढं राहतं, प्रश्न कापला जातो.

तिहाई: बतावणीचं पटलं. पण हल्ली सोंगाड्या ठार मूर्ख लिहितात, तिथंच ती पडते. त्याचं म्हणणं पक्कं नसेल तर प्रेक्षक म्हणतो, हा मी नव्हे. शिवाय जयंतीचा पैसा डीजेत जातो आणि शाहिराला साडेनऊला माईक मिळतो. दहाला भोंगा बंद. बाराची सूट असते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांचीच. अर्ध्या तासात गण, दोन गाणी झाली की बतावणी गेलीच. वस्तीत मंडळी संध्याकाळी सातला बसवा.

दिंडोरा: आधी जलशाच्या पोस्टरवरची हलगी काढा! 1927 ला महाडात मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरलं, 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गाववतनं, म्हणजे पिढीजात लादलेली गावकामं, गेली. ज्यांच्या आज्यापंज्यांनी मयतीला, जत्रेला हुकमावर हलगी बडवली, त्यांच्या नातवंडांना तीच "आपली संस्कृती" म्हणून काय दाखवता?

काळी_माती: हुकूम वाईट होता, कातडं नव्हे. अण्णाभाऊ, अमर शेख, गवाणकरांच्या लाल बावटा कलापथकानं 1944 पासून डफ-तुणतुण्यावरच कामगार जागवला. ती वाद्यं तरी कुणाच्या घरची होती?

दिंडोरा: डफ शाहिराच्या हातात असतो, हलगी दाराबाहेरच्याच्या. दोन्ही एका मापानं मोजू नका. हा फरक ज्याला दिसत नाही त्यानं जलशावर बोलू नये.

काळी_माती: तोंड बंद करायला सांगणं ही शाहिरी नव्हे.

तिहाई: भांडा, पण वाजवणाऱ्याचंही ऐका. कातड्याची हलगी जाळावर शेकल्याशिवाय चढत नाही, दमट हवेत अर्ध्या तासात पुन्हा उतरते. सभागृहात जाळ कुठं करणार? म्हणून पोरं प्लास्टिकचं पान लावतात. ते उतरत नाही, पण घुमारा जातो आणि टिपरू पत्र्यावर पडल्यासारखं वाजतं. दुसरं, हलगी शब्द गिळते. बतावणीत ढोलकीसुद्धा थांबवावी, खाली फक्त तुणतुणं, तेही शाहिराच्या षड्जाला लावलेलं. नाही तर तिसऱ्या रांगेला कळत नाही कोण काय बोललं. हलगी हवीच तर वस्तीत हाळी द्यायला वापरा, मंचावर नको.

दिंडोरा: मंचावर नको एवढं मान्य. हाळीचं मान्य नाही.

काळी_माती: मग हीच बतावणी लिहू. सोंगाड्या म्हणेल, "बापजाद्याचं वाद्य हाय, का सोडू?"

दिंडोरा: आणि शाहीर विचारेल, "वाजवून झाल्यावर भाकरी कुणाच्या दारात, कुठं बसून खाल्लीस?" लिहा. पण सोंगाड्याला पुरतं बोलू द्या, तिहाईनं सांगितलंय तसं.