मदत हवी आहे: मानशीवर फ्लाय टाकताना लीडर पूर्ण उलगडत नाही, टोक ढीग होऊन पडतं

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या चोडणचा. गळ टाकून गरवणं लहानपणापासूनचं, फ्लायचा (गरीवर पिसं-केस बांधलेल्या नकली आमिषाचा) रॉड मात्र अलीकडेच हातात आला. रॉड आठ नंबरचा, लाइन तरंगती, तीही आठचीच. परदेशातल्या मावसभावाने सोबत तयार लीडरची, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या धाग्याची, पाकिटं पाठवली आहेत: नऊ फुटी, निमुळते, ३एक्स. फ्लाय म्हणजे १/० गरीवर बांधलेली, क्लाउझर नावाची, धातूच्या जड डोळ्यांची.

पक्षी अभयारण्याची हद्द सोडून पलीकडच्या बांधावरून मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी टाकतो. ओहोटी लागली की खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं) पाणी दारातून बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी वाहत येते, आणि चणक, तांबोशी तिथेच दबा धरून असतात. जागा उत्तम आहे, मासेही आहेत.

अडचण अशी की लाइन छान उलगडते, लीडरचा अर्धा भागही उलगडतो, आणि पुढचे तीन-चार फूट हवेतच जीव सोडतात. फ्लाय त्या वेटोळ्यातच पडते. दुपारनंतर खारं वारं सुटलं की विचारूच नका. दुसरं म्हणजे तांबोशी लागली की थेट मानशीच्या दगडांकडे धावते, आणि त्या दगडांना कालवं चिकटलेली. परवा धागा तुटला तेव्हा टोक बघितलं, इंच-दोन इंच खरवडून पांढरं पडलं होतं. तोंडात गरी घेऊन मासा तसाच फिरणार, याचं फार वाईट वाटतं.

लीडर आखूड करू की जाड करू? सगळाच फ्लोरोकार्बनचा घेऊ का? म्हापशात नायलॉन आणि फ्लोरोकार्बन, दोन्ही धागे मिळतात.

खाजनवाट:
दादा, तुमचा फेक ठीक आहे, लीडर चुकीच्या माशासाठी बनलेला आहे. एक्सचा, म्हणजे टोकाच्या जाडीचा, हिशेब असा: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरतील तेवढे इंचाचे हजारावे भाग. ३एक्स म्हणजे ०.००८ इंच, आपल्या भाषेत ०.२० मिमी. हा धागा थंड ओढ्यातल्या ट्राउटसाठी, हलक्या पिसांच्या फ्लायसाठी आहे. फ्लायफिशिंगमध्ये वजन असतं ते लाइनचं. लाइनमधली ताकद लीडरच्या बुडातून (लाइनकडच्या जाड भागातून) टोकाकडे सरकत जाते आणि मधेच धागा फार बारीक झाला की तिथेच विरते. जड डोळ्यांची फ्लाय ओढून न्यायचा दम ०.२० मिमीत नाही.

पाकिटं टाकून देऊ नका. त्यांचं बूड साधारण अर्ध्या मिमीच्या आसपास असतं आणि ते कामाचं आहे. बारीक टोकाकडून कापत या, व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या साधनावर) ०.३५ मिमीच्या पुढे आकडा दिसला की थांबा. तिथे २० पाउंडाचा (म्हणजे तेवढी ओढ सोसणारा) दीड-दोन फूट तुकडा जोडा. एवढ्यानेच निम्मा त्रास जाईल.

पण खाडीसाठी लीडर स्वतःच बांधावा, असं माझं ठाम मत आहे. ४० पाउंडाचं नायलॉन चार फूट, मग ३० चं दोन फूट, २० चं दीड फूट, आणि फ्लायच्या मागे फूटभर ४० पाउंडाचं फ्लोरोकार्बन. झाला साडेआठ फूट. हा शेवटचा जाड तुकडा तुमच्या कालवांसाठी. चणकला कापणारे दात नसतात, पण तोंड कानशीसारखं खरखरीत आणि गालफडाची कड धारदार. तांबोशीला तर चक्क सुळे आहेत. आयजीएफए या मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमाने विक्रम नोंदवायचा असेल तर हा तुकडा गाठींसकट १२ इंचांच्या आत लागतो आणि मागचा २० पाउंडाचा निदान १५ इंच. नसेल नोंदवायचा तर दीड फूट ठेवा, कोण विचारतंय.

सगळा लीडर फ्लोरोकार्बनचा नको. ते नायलॉनपेक्षा जड, पाण्यात बुडतं आणि तरंगत्या लाइनचं टोक खाली खेचतं. बुडाला नायलॉन, घासणाऱ्या टोकाला फ्लोरोकार्बन.

आता जुळवणं. टाकताना फ्लायकडे बघू नका, शेवटचे तीन फूट बघा. ढीग होतोय? २० पाउंडाचा तुकडा सहा इंचांनी कमी करा, परत टाका. फ्लाय पाण्यावर आपटतेय? सहा इंच वाढवा. खाऱ्या वाऱ्यात मी तो तुकडा फूटभरच ठेवतो आणि एकूण लांबी साडेसात-आठच्या पुढे जाऊ देत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना सात फूटही पुरतो. उन्हाळ्यात तिवरांखाली पाणी निवळलेलं असतं, तेव्हा लांबवा.

लाइनच्या खोक्यावरही नजर टाका. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, रॉडच्या कड्यांना चिकटते. मग लीडर कितीही जुळवा, फरक थोडाच पडतो.

वेंगुर्लेकाठ:
वरच्या दादांशी सहमत. गाठींचं थोडं सांगतो. ४० ते ३० आणि ३० ते २० ला ब्लड नॉट चालते, कारण जाडी जवळजवळची. २० ते ४० ला ती सरकते, तिथे तिहेरी सर्जन किंवा दुहेरी युनी गाठ मारा. फ्लायला घट्ट गाठ मारू नका, न सरकणारा छोटा फास ठेवा, म्हणजे जाड धाग्यावरही क्लाउझर मोकळी डोकं खाली घालते. प्रत्येक गाठ ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की नायलॉन तापतं आणि नेमकं तिथेच तुटतं.

प्रत्येक माशानंतर शेवटचे दोन फूट अंगठ्याचं नख आणि बोट यांच्यामधून ओढून बघा. जरा जरी खरखर लागली तरी कापा.

मांडवीकाठ:
दोघांचे मनापासून आभार. आज रात्रीच बांधायला बसतो. एकच विचारायचं राहिलं: मांडवीच्या मुख्य पात्रात होडीवरून बुडती लाइन वापरायची झाली तर हाच लीडर चालेल?

खाजनवाट:
नाही. बुडत्या लाइनला लीडर आखूड हवा. लाइन तळाला जाते आणि लांब नायलॉन फ्लायला वरच धरून ठेवतं, म्हणजे बुडती लाइन घेतली काय नि न घेतली काय. ३० पाउंडाचं सरळ चार फूट बांधा, निमुळतं करायची गरज नाही. खडक असेल तिथे पुढे तोच फूटभर जाड तुकडा. आणि कापलेले तुकडे खिशात घाला दादा. तिवरांत अडकलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय गुंततात, आणि तुमच्या चोडणला तर पक्ष्यांचीच वस्ती.