मदत हवी आहे: बिअर बनवायच्या ऑल-इन-वन ब्रूइंग मशीनमध्ये ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी घनता) कमी येते, तळ करपतो आणि मशीन मध्येच बंद पडतं

सोनसळी

नमस्कार मंडळी,

मशीन 30 लिटरचं इलेक्ट्रिक ऑल-इन-वन. तळाखाली झाकलेलं 2200 वॉटचं एलिमेंट, आत धान्याची बास्केट, मधोमध ओव्हरफ्लो पाइप आणि खालचा वॉर्ट (मॉल्टचं गोड पाणी) उचलून धान्यावर सोडणारा पंप, अशी नेहमीची रचना.

रेसिपी: पेल मॉल्ट (मोड आणून वाळवलेले जव) 4 किलो, गव्हाचं मॉल्ट 1.2 किलो, कॅरॅमल मॉल्ट 300 ग्रॅम. मॅशला (भरडलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवायला) 18.4 लिटर पाणी, 67 अंशांना 60 मिनिटं, मग 75 अंशांना 10 मिनिटं. स्पार्जला (धान्यात उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढायला) 14 लिटर. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) 23 लिटर 1.054 ग्रॅव्हिटीला उतरायला हवं, उतरतं 1.042 ला.

पंप सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत धान्याच्या वर वॉर्ट तुंबतो आणि ओव्हरफ्लोमधून धो धो खाली जातो. डिस्प्लेवर मात्र 67 स्थिर दिसतं. पुढे उकळीकडे जाताना 90 च्या आसपास एरर येऊन हीटिंग बंद होतं. रिकामं केल्यावर तळाला एलिमेंटच्या आकाराचं काळपट कडं चिकटलेलं असतं.

मॉल्ट गिरणीच्या रोलरमध्ये 0.8 मिलिमीटर गॅप ठेवून भरडलेलं आहे, पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो. एलिमेंट बदलायचं की पंप?

मंद आच

सध्या दोन्ही बदलू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच दिसतंय: वॉर्ट धान्यातून जातच नाही, धान्याला वळसा घालून जातो.

ओव्हरफ्लो पाइप ही सुरक्षेची सोय आहे. धान्याचा थर तुंबला की वर साचलेला वॉर्ट सांडू नये आणि खालचा भाग कोरडा पडू नये, एवढंच तिचं काम. तिथून सतत धार वाहत असेल तर पंप तोच वॉर्ट गोल गोल फिरवतोय आणि साखर धान्यातच अडकून आहे. सेन्सर तळाला असतो, त्यामुळे डिस्प्लेवरचं 67 हे खालच्या वॉर्टचं तापमान. थराच्या मध्यभागी लांब दांडीचा थर्मामीटर खुपसून बघा. प्रवाह बंद असलेल्या थरात तो सहज तीन-चार अंश कमी दाखवतो, आणि तेवढ्यानेही स्टार्चचं रूपांतर मंदावतं.

करपण्याचं कारणही हेच. 0.8 वर भरडलं की पीठ फार होतं. ते खालच्या जाळीतून गळून तळावर बसतं, त्यात एलिमेंट पूर्ण ताकदीने चालू. पिठाचा लेप उष्णता वर जाऊ देत नाही, पत्रा तापतो आणि थर्मल कट-आउट हीटिंग तोडतं. म्हणजे कट-आउट त्याचं काम चोख करतंय.

गॅप 1.1 ते 1.2 मिलिमीटर ठेवा. भरडल्यावर मूठभर मॉल्ट पांढऱ्या कागदावर पसरून बघा. जवाचं टरफल जवळपास अखंड, लांबीत चिरलेलं आणि आतून रिकामं दिसायला हवं, दाण्याचे चार-सहा तुकडे झालेले हवेत आणि पीठ थोडंच. टरफलाचा भुगा झाला असेल तर गाळणीच गेली म्हणून समजा, कारण या थरात गाळायचं काम टरफलंच करतात. जवाचं मॉल्ट भरडण्याआधी त्यावर वजनाच्या 2 टक्के पाणी शिंपडा (4.3 किलोला साधारण 85 मिली), हाताने कालवून 10-15 मिनिटं ठेवा. टरफल लवचिक होतं आणि फाटत नाही. मात्र गिरणीचे रोलर नंतर लगेच कोरडे करा, नाहीतर गंज धरतील.

गव्हाला टरफल नसतं आणि तुमच्याकडे तो 20 टक्क्यांच्या वर आहे. 200 ग्रॅम भाताचं तूस धुऊन, निथळून धान्यात मिसळा. चवीत काही फरक पडत नाही, थर मोकळा राहतो. गव्हाचा दाणा बारीक आणि टणक असतो, म्हणून तो वेगळा, 0.9 वर भरडा. 1.2 च्या गॅपमधून बरेच दाणे अख्खेच निसटतील.

काटेतोल

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मॅश चालवण्याबद्दल थोडी भर घालतो.

तुमचं पाणी 2.7 लिटर प्रति किलो अधिक बास्केटखालचे 3.5 लिटर, या हिशोबाचं आहे. चूक नाही, पण गहू असताना घट्ट पडतं. मॅशला 20 लिटर घ्या, स्पार्ज 12.5 वर आणा. एकूण पाणी जवळपास तेवढंच राहतं.

धान्य तीन-चार हप्त्यांत घाला, प्रत्येक वेळी गुठळ्या मोडा. वरची जाळी धान्यावर अलगद टेकू द्या, दाबू नका. ती दाबली की थराची वीट होते, मग भरड कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. पंप लगेच सुरू न करता 10 मिनिटं थांबा. व्हॉल्व्ह पाव उघडा आणि वरून पडणारी धार एक लिटरच्या मापात धरा. ते 30 ते 40 सेकंदांत भरायला हवं. ओव्हरफ्लोमध्ये अधूनमधून थेंब गेले तर चालेल, धार नको.

बास्केट आणि बाहेरची भिंत यांच्या फटीतली पातळी बघत राहा. ती उतरायला लागली म्हणजे पंप जेवढं उचलतोय तेवढं धान्यातून झिरपत नाहीये. तेव्हा व्हॉल्व्ह आणखी बंद करा. तरीही तुंबलं तर पंप आणि हीटिंग दोन्ही बंद, वरची जाळी काढा, थर खालपर्यंत हलवा, पण चमचा तळाच्या जाळीला लावू नका. ती सरकली तर धान्य सरळ एलिमेंटवर जाईल. 10 मिनिटं बसू द्या आणि पुन्हा हळू सुरू करा. न तुंबतासुद्धा 20 आणि 40 मिनिटांनी एकदा ढवळणं फायद्याचं आहे.

पॉवर: मॅशमध्ये तापमान टिकवायला 500 वॉट पुरतात. 67 वरून 75 ला नेतानाही पूर्ण ताकद लावू नका. बास्केट उचलून निथळल्यावर, उकळीसाठी 2200 वर जाण्याआधी लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने तळ खरवडून बसलेलं पीठ वर आणा. एवढ्या एका गोष्टीने करपणं बरंच आटोक्यात येतं.

आता ग्रॅव्हिटी नक्की कुठे हरवते ते शोधा. पेल मॉल्टच्या एका किलोतून जास्तीत जास्त सुमारे 300 लिटर-अंश (लिटर गुणिले ग्रॅव्हिटीचे शेवटचे दोन आकडे) मिळतात. तुमच्या 5.5 किलोचे 1650. 23 लिटर गुणिले 54 म्हणजे 1242, म्हणजे 75 टक्के. आत्ता 23 गुणिले 42 म्हणजे 966, जेमतेम 58 टक्के. उकळण्याआधीच्या 28 लिटरला 1.046 मिळायला हवं. तिथेच 1.036 असेल तर तोटा मॅश-स्पार्जमध्ये आहे. तिथे 1.046 आणि शेवटी 1.042, असं मात्र होऊच शकत नाही, म्हणजे मोजमाप चुकतंय. नमुना 20 अंशांपर्यंत थंड करूनच हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) लावा. 60 अंशांच्या वॉर्टमध्ये तो सुमारे 0.015 कमी दाखवतो.

आणि स्पार्जचं पाणी एकदम ओतू नका. 75-76 अंशांचं, दोन-दोन लिटर, धान्य उघडं पडण्याआधी पुढचं.

सोनसळी

मनापासून आभार. फटीतली पातळी कधी पाहिलीच जात नव्हती, ओव्हरफ्लोतून वाहणं नेहमीचंच वाटत होतं. दोन शंका. उकळी येताना कट-आउट पडलं तर त्या बॅचचं काय करायचं? आणि तळाचं काळं कडं निघत नाहीये, घासायचं कशाने?

मंद आच

आधी प्लग काढा. रीसेटचं बटण बहुतेक मशीनमध्ये बुडाखाली असतं, त्यासाठी गरम वॉर्टने भरलेलं मशीन कलंडवायचा विचारही करू नका. नळीने वॉर्ट स्वच्छ भांड्यांत काढून घ्या, तळ खरवडून धुवा, बूड गार होऊ द्या, मग बटण दाबा. तळ न धुता नुसतं बटण दाबलं तर थोड्याच वेळात पुन्हा कट होणार, आणि प्रत्येक वेळी करप वाढणार. वॉर्ट पुन्हा भरण्याआधी थोडा गार करून चाखा. करपट चव असेल तर ती फर्मेंटेशनमध्ये जात नाही, त्यावर हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि यीस्ट खर्च करू नका.

कड्यासाठी तारेची घासणी नको, क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नको. स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि पुढची करप तिथेच धरते. 10 लिटर पाणी 60 अंशांना, त्यात 50 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट, पंप चालू ठेवून 30 मिनिटं. ओतून टाका, धुवा. मग नव्या पाण्यात लिटरला 15 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, तेवढाच वेळ. दोन्ही एकाच पाण्यात घालू नका, एकमेकांना मारतात. उरलेलं मऊ स्पंजने निघतं. हातमोजे घाला.

पाणवठा

पंपाबद्दल एक राहिलं. तो मॅग्नेटिक ड्राइव्हचा असतो, हवा अडकली की नुसता गुणगुणतो, पाणी ओढत नाही. बंद करा, व्हॉल्व्ह उघडा ठेवा, दहा-पंधरा सेकंदांनी परत सुरू करा. पेलेट (दाबून गोळ्या केलेले) हॉप्स मोकळे टाकत असाल तर जाळीच्या नळकांड्यात टाका, नाहीतर चिलरकडे (वॉर्ट थंड करायच्या नळीकडे) वॉर्ट नेताना चेक व्हॉल्व्हचा (उलटा प्रवाह रोखणाऱ्या व्हॉल्व्हचा) गोळाच अडकतो. उकळी संपल्यावर गोल ढवळून 15-20 मिनिटं गाळ मध्यभागी बसू द्या.

काटेतोल

एलिमेंटची शंका मनात असेल तर साफसफाईनंतर नुसत्या पाण्यावर तपासा. 20 लिटर पाणी, 20 अंशांपासून 67 पर्यंत, पूर्ण ताकदीवर. हिशोबाने 30 मिनिटं, उष्णतेची गळती धरून 33 ते 38. त्यात बसलं तर एलिमेंट ठणठणीत आहे. पाऊण तासाच्या वर गेलं तर आधी वायर बघा. 230 व्होल्टवर हे मशीन साडेनऊ अँपिअरच्या वर ओढतं, बारीक एक्स्टेंशन बोर्डवर व्होल्टेज पडतं आणि बोर्ड तापतो. थेट 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा. स्वच्छ तळ आणि नुसतं पाणी असतानाही कट-आउट पडलं, तरच दोष कट-आउटमध्ये किंवा सेन्सरमध्ये. मग मशीन दुरुस्तीला द्या.