मदत हवी आहे: मामाच्या लॉगबुकमधल्या 'जी/ए' आणि 'डब्ल्यू/एस'चा अर्थ काय? (सोलापूर, मे १९९१)

मंडळी, विमान चालवणारं किंवा त्यातलं कळणारं कुणी इथं असेल तर एक जुनं कोडं सोडवून हवं आहे.

माझा मामा फ्लाइंग क्लबात इन्स्ट्रक्टर होता. मूळ सोलापूरचा, पण नोकरीची सगळी वर्षं बाहेर गेली. पुढच्या महिन्यात त्याचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आमच्याकडे कार्य कुठलंही असो, जेवणं झाली की एक विनोद ठरलेला: "दादाला विमान उतरवता येईना, दुसऱ्यांदा यावं लागलं!" मग सगळे हसतात, मामापण हसतो. हा विनोद मी दहा वर्षांचा असताना सुरू केला आणि आईनं तो गावभर नेला.

झालं असं होतं. १९९१ च्या मे महिन्यात मामा क्लबाचं सेसना १७२ घेऊन कामासाठी सोलापुरात आला होता. परत जायच्या आधी त्यानं मला आणि आईला एक चक्कर मारून आणायचं ठरवलं. होटगी रोडच्या विमानतळावर तेव्हा चिटपाखरू नसायचं. (साखर कारखान्याची ती गाजलेली चिमणीसुद्धा तेव्हा उभी नव्हती. ती नंतर आली आणि २०२३ च्या जूनमध्ये पडली.) मी पुढं मामाशेजारी, आई मागं पदर तोंडावर घेऊन. निघण्याआधी मामानं पंखाखालून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढलं आणि उन्हासमोर धरून पाहिलं. मी विचारलं तर म्हणाला, "पाणी आहे का बघतोय." पेट्रोलमध्ये पाणी कुठून येणार, असं वाटून मला हसू आलं होतं.

वरून सिद्धेश्वराचं तळं, मधोमध देऊळ, शेजारी भुईकोट किल्ला, गिरण्यांच्या चिमण्या. एरवी आमचं गाव धुळीनं भरलेलं, वरून मात्र कुणी नीट मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. दुपारचे चार, ऊन भयंकर. विमान बैलगाडीसारखं आदळत होतं. लांब एका बाजूला वळवाचं काळं चढलेलं मला आठवतं.

उतरताना धावपट्टी अगदी समोर आली आणि अचानक एक आवाज सुरू झाला. पेटीवर एकच सूर धरून ठेवावा तसा, थोडा रडका. त्याच क्षणी मामानं काळी मूठ आतपर्यंत ढकलली, इंजिन ओरडलं, पण विमान वर जायच्या ऐवजी नाक खाली गेलं. जमीन एवढी जवळ असताना खाली! माझ्या पोटात गोळा आला. आई "सिद्धरामा" म्हणून ओरडली. मग हळूहळू वर चढलो, मोठा वळसा घेतला आणि उलट बाजूनं येऊन इतके अलगद टेकलो की आईला कळलंच नाही. ती विचारत होती, "अजून किती वेळ?" घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, मामा चुकला.

आता आल्बम करायचा म्हणून मामीनं त्याची लॉगबुकं दिली. त्या दिवसाच्या ओळीत एवढंच आहे: सोलापूर लोकल, ३५ मिनिटं, २ पॅसेंजर, आणि शेऱ्यात '१ जी/ए, डब्ल्यू/एस'. मामाला विचारलं तर म्हणतो, "जाऊ दे बे, झालं गेलं." तर माझा प्रश्न: याचा अर्थ काय, आणि तो खरंच चुकला होता का?

प्रतिसाद: 'जी/ए' म्हणजे गो-अराउंड. उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. ही चूक नाही, शिकवलेली गोष्ट आहे. शंका आली की जायचं. 'डब्ल्यू/एस' बहुतेक विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची पिशवी.

प्रतिसाद: विंडसॉक नव्हे, विंडशिअर. तुम्ही दिलेल्या खुणा स्पष्ट आहेत. वळवाच्या ढगाखालून थंड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. वारा क्षणात उलटतो. समजा विमान हवेतून ६० नॉटने येतंय आणि समोरून १० नॉटचा वारा आहे. तो वारा एकदम मागून १० झाला, तर पंखांवरून जाणारी हवा ४० वर येते, म्हणजे पंखांनी विमान सोडून द्यायच्या बेतात. तो पेटीचा सूर म्हणजे स्टॉलचा इशारा. या विमानात डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. हवेचा दाब घटला की आतली हवा तिथून ओढली जाते आणि वाटेतली पत्ती वाजते. तुमच्या पेटीतही पत्तीच असते, कान बरोबर होता तुमचा. आणि नाक खाली घालणं हाच उपाय. तिथं घाबरून नाक वर ओढलं असतं तर आज धागा काढायला तुम्ही नसता. दुसऱ्यांदा उलट बाजूनं उतरले, कारण आता वारा तिकडून होता.

प्रतिसाद: हे सगळं मान्य. पण मे महिन्यात, दुपारी चारला, बाजूला ढग चढलेला असताना बाई आणि पोर घेऊन उडायचं कशाला? अशी चक्कर सकाळी सातला मारतात. मामांना शाबासकी देताना हेही विचारा.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. शेवटचा प्रतिसाद झोंबला, म्हणून काल मामाला फोन लावून तोच प्रश्न केला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सकाळी सातचंच ठरलं होतं रे. त्या दिवशी दहापर्यंत अमावास्या होती. ती सुटल्याशिवाय तुझी आई घराबाहेर पडेना. मग म्हणाली, जेवून जाऊ. ढग मला दिसत होता. लांब आहे म्हटलं, अर्ध्या तासात येऊ. तेवढं मात्र माझं चुकलं." आणि लगेच, "तिला सांगू नको हां. उगं जीवाला लावून घेईल."

म्हणजे पस्तीस वर्षं तो हसत होता ते यासाठी. कार्यक्रमात चार शब्द मी बोलणार आहे. अमावास्या वगळून बाकीचं कसं सांगायचं ते माझं मी बघतो. पण अजून एक मदत हवी. त्या पत्तीच्या सुराचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे का? आई अजूनही म्हणते की तो आवाज विमानाचा नव्हताच, मी रडत होतो.