मदत हवी आहे : 'सेन्सेई'मधल्या 'सेई' कांजीचे इतके उच्चार कसे लक्षात ठेवायचे?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरमध्ये जेएलपीटी एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) द्यायची आहे. हिरागाना-काताकाना (उच्चारानुसार लिहायच्या दोन लिप्या) झालं, पण एका कांजीपाशी (चिनीतून आलेलं, अर्थ दाखवणारं चिन्ह) गाडी अडलीय. 'सेन्सेई' (शिक्षक), 'गाकुसेई' (विद्यार्थी) या शब्दांत शेवटी येते ती, पाच स्ट्रोकची. (इथे टंकता येत नाहीये.) जन्म, जगणं, उगवणं, कच्चं असे सगळे अर्थ एकाच चिन्हात. उच्चारांचं तर विचारूच नका : सेई, शोऽ, इकिरु, उमारेरु, हाएरु, नामा, की... यादी पाठ आहे, पण वाक्यात कांजी दिसली की यातला कुठला लावायचा ते कळत नाही.

दुसरं, लिहिण्याचा क्रम. तिरकी रेघ आणि वरची आडवी झाली की आमच्या सेन्सेई उभी रेघ मारतात, मग खालच्या दोन आडव्या. मोबाइलवरच्या व्हिडिओत मात्र दुसऱ्या आडवीनंतर उभी येते. खरं कुणाचं? आणि परीक्षेत हे लिहावं लागतं का?
– नवशिका_पुणे

---

तुमच्या सेन्सेईंचं. व्हिडिओ बहुधा चिनी शिकणाऱ्यांसाठी असेल, तिकडे उभी रेघ चौथी येते. जपानी शाळेत ती तिसरी. ही कांजी तिथे पहिलीतच शिकवतात.

जेएलपीटीत हाताने काहीच लिहायचं नसतं, सगळं पर्यायांतून निवडायचं. तरी लिहून गिरवाच, नाहीतर सारख्या दिसणाऱ्या कांजी पर्यायांत आल्या की घोळ होतो.
– ओसाकाकर

---

यादी आधी फाडून टाका! सरकारी जोऽयोऽ तक्त्यात (नेहमीच्या वापरातल्या कांजींची यादी) हिचे १२ उच्चार आहेत, २ ओन (चिनीवरून आलेले) आणि १० कुन (मूळ जपानी). असे सुटे पाठ करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

कांजीच्या मागे हिरागानाचं शेपूट (ओकुरिगाना) आहे का ते बघा. 'किरु' असेल तर इकिरु, जगणं. 'मारेरु' असेल तर उमारेरु, जन्मणं. नुसतं 'एरु' असेल तर हाएरु, म्हणजे गवत, दात, दाढी उगवणं. उच्चार शेपटानेच ठरतो. इकेबानातला 'इके' याच कुटुंबातला.

शेपूट नसून शेजारी दुसरी कांजी असेल तर बहुतेक वेळा सेई किंवा शोऽ. जिन्सेई, सेइकात्सु, गाकुसेई एकीकडे. इश्शोऽ आणि तांजोऽबी दुसरीकडे (तिथे शोऽचा जोऽ होतो). ओन उच्चार दोन असण्याचं कारण म्हणजे ते चीनमधून दोन वेगळ्या काळांत आले. शोऽ जुना, म्हणून बौद्ध शब्दांत तोच जास्त भेटतो. जन्म, जरा, व्याधी, मृत्यू या चौकडीला जपानीत 'शोऽ-रोऽ-ब्योऽ-शि' म्हणतात, त्यातला पहिला शोऽ म्हणजे हीच कांजी. सेई नंतरचा, थांग काळातल्या चीनशी येणंजाणं वाढलं तेव्हाचा.

उरला नामा : नामा-बीरु, नामा-तामागो (कच्चं अंडं). 'की' तर सध्या सोडूनच द्या. किइतो म्हणजे कच्चं रेशीम, एन५ला ते कोण विचारतंय?
– शिंजुकूची_माई

---

माईंना +१. कार्डाच्या एका बाजूला अख्खा शब्द लिहा, सुटी कांजी नको.
– ओसाकाकर

---

खूप आभार दोघांचे! शेपटाचं डोक्यात बसलं. पण माई, एका ठिकाणी हीच कांजी आणि पुढे 'वस्तू'ची कांजी, मध्ये शेपूट नाही. शब्दकोश 'सेइबुत्सु'ही दाखवतो आणि 'नामामोनो'ही. आता?
– नवशिका_पुणे

---

दोन्ही बरोबर. जीवशास्त्राच्या पुस्तकावर असेल तर सेइबुत्सु, सजीव. मासळीच्या खोक्यावर असेल तर नामामोनो, लवकर खराब होणारं कच्चं खाणं. गोंधळ नको म्हणून दुसऱ्या अर्थी 'मोनो' पुष्कळदा हिरागानातच लिहितात. आणि 'शिबाफु' (हिरवळ) भेटला तर दचकू नका. त्यातला 'फु' त्या १२मध्ये नाहीच, तक्त्याच्या शेवटी जोडलेल्या खास शब्दांत तो अख्खा शब्द दिलाय.
– शिंजुकूची_माई