मदत हवी आहे : रिपोर्टमधला लाल आकडा आणि बाबांचं गुगलिंग

शेवंती
बाबांनी (वय ६१) फुल बॉडी चेकअप केलं. डॉक्टरांना दाखवायच्या आधीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली. बिलिरुबिन (जुन्या लाल रक्तपेशी फुटल्यावर तयार होणारा पिवळा पदार्थ) १.६, लॅबची मर्यादा १.२, आकडा लाल. एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज या लिव्हरच्या चाचण्या आणि हिमोग्लोबिन सगळं ठीक. तरी नेटवर वाचत वाचत लिव्हर कॅन्सरपर्यंत पोचलेत. अडाणी नाहीत, सर्च उत्तम करतात. फोन ठेवा म्हटलं की चिडतात. काय करावं?

टाचणी
एकूण १.६ मध्ये डायरेक्ट (लिव्हरने प्रक्रिया केलेलं) किती, ते आधी बघा; उरलेलं ते इनडायरेक्ट. डायरेक्ट ०.३ च्या आसपास आणि बाकी सगळं नॉर्मल असेल तर नेहमीचं कारण गिल्बर्ट सिंड्रोम, म्हणजे लिव्हर जन्मतःच बिलिरुबिनवर जरा हळू प्रक्रिया करतं. निरुपद्रवी, औषध लागत नाही. यात उपाशीपोटी बिलिरुबिन वाढतं, आणि चेकअपचं रक्त तर १०-१२ तास उपाशी राहूनच देतात! जुने रिपोर्ट शोधा. पूर्वीही इतकंच असेल तर चिंता बरीच कमी. रक्तपेशी जास्त फुटत नाहीत ना, तेवढं डॉक्टर तपासतील. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट किंवा वजन घटतंय, असं काही असेल तर मात्र लगेच दाखवा.

लाल रंगाचं म्हणाल, तर नॉर्मल मर्यादा बहुधा ९५ टक्के निरोगी लोक आत बसतील अशी आखतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जायची शक्यता ६४ टक्के. पॅकेजात ६०-७० चाचण्या असतात, म्हणजे बघा.

अर्धविराम
'सर्च उत्तम करतात' इथेच गोची आहे. ई-हील्स नावाची ८ प्रश्नांची प्रश्नावली (२००६) डिजिटल आरोग्य-साक्षरता मोजायला सर्रास वापरतात. ती विचारते, तुम्हाला स्वतःला किती जमतं असं वाटतं. आत्मविश्वास मोजला जातो. कुठे थांबायचं हे कळतं का, ते नाही. घाबरलेल्या माणसाला जास्त सापडलं की जास्त भीती.

'बिलिरुबिन कॅन्सर' टाकलं तर कॅन्सरचीच पानं येणार. 'इनडायरेक्ट बिलिरुबिन जास्त, एसजीपीटी नॉर्मल' असं शोधायला सांगा. एक प्रश्न कागदावर, १५ मिनिटं, मेडलाइनप्लससारखी (अमेरिकन सरकारची आरोग्य-माहितीची साइट) एकच साइट. व्हिडिओ आणि त्याखालच्या कमेंट्स अजिबात नाहीत. उरलेले प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. आणि धीर यावा म्हणून दर आठवड्याला टेस्ट नको. धीर दोन दिवस टिकतो, मग पुन्हा लॅब.

शेवंती
डायरेक्ट ०.३ आहे! २०१९ मध्ये एकूण १.५ होतं. पण 'काही नाही ना गं?' दिवसभर चालूच.

टाचणी
मग ही फाइल घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा, दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवा.

अर्धविराम
डॉक्टर जे सांगतील ते त्यांच्याकडूनच दोन ओळींत लिहून घ्या. बाबांनी विचारलं की घरात सगळ्यांचं एकच उत्तर : "कागद बघा." आई एक, तुम्ही दुसरं सांगितलंत की तुलना सुरू होते. तरीही झोप उडाली, जेवण तुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञ. यावर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती) चांगली लागू पडते. जायला तयार नसतील तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतो.