इक्वलायझरला हात लावण्याआधी

विजेच्या गाडीत गाणी पोकळ वाटतात म्हणून थेट स्पीकर बदलावेत का, असे येथे विचारले आहे; मला ती घाई वाटते. इंजिनाची घरघर नसल्यामुळे सोलापूर–पुणे महामार्गावर ८० च्या वेगाने जाताना टायर आणि वारा यांचाच आवाज उरतो, आणि टायरची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असल्याने डग्ग्याची घुमक तीत बुडून जाते. त्यावर उपाय म्हणून बेस कमाल पातळीवर नेला, तर दारे थरथरू लागतात आणि गायकाचा आवाज मागे पडतो. मी उलट केले: इक्वलायझरच्या (खालच्या, मधल्या, वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीच्या) सर्व पट्ट्या शून्यावर आणल्या, २५० हर्ट्झच्या आसपासचा भाग दोन-तीन डेसिबलने कमी केला आणि फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल, किंचित पुढे घेतला. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा त्यानंतर प्रथमच स्वच्छ ऐकू आल्या, आणि तो आनंद फार मोठा होता.

मूळ फाईलही तपासावी. सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, तर ब्लूटूथची साधी एसबीसी पद्धत तो साधारण ३२८ पर्यंत दाबते. त्यामुळे गाडीची सिस्टिम फ्लॅक फाईल (दर्जा न घटवता दाबलेली ध्वनिफाईल) वाचू शकत असेल, तर ती पेनड्राइव्हवरून वाजवावी.

गाणी ऐकल्याने रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, घटण्याची भीती मात्र सोडावी. सोलापूरच्या मे महिन्यात एसीला म्युझिक सिस्टिमपेक्षा कितीतरी पट वीज लागते. सिद्धेश्वर तलावाजवळ गाडी थांबवून बराच वेळ ऐकायचे असेल, तर ती 'रेडी' (चालवायला तयार) स्थितीत ठेवावी, कारण म्युझिक सिस्टिम १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालते आणि मुख्य बॅटरीकडून ती भरत राहावी लागते.