मदत हवी आहे: 1939-40 चे ब्रिटिश पाणबुडीविरोधी बॉम्ब फुसके का निघाले?

लेखासाठी माहिती हवी आहे. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश विमानांकडे 100, 250 आणि 500 पौंडी पाणबुडीविरोधी बॉम्ब होते, तरी यू-बोटी (जर्मन पाणबुड्या) सहीसलामत निसटायच्या. स्फोटकं कमी पडली की फ्यूजचा (बॉम्ब फोडणाऱ्या यंत्रणेचा) घोळ? आणि पुढे डेप्थ चार्ज (पाण्याखाली ठरवलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब) 25 फुटांवर फुटतील असे का केले?

प्रतिसाद १:
100 पौंडी तर निव्वळ फटाका. डिसेंबर 1939 मध्ये तो चुकून ब्रिटिशांच्याच 'स्नॅपर' पाणबुडीच्या कॉनिंग टॉवरच्या (पाठीवरच्या मनोऱ्याच्या) बुडाशी बसला. आतले चार दिवे फुटले, बस्स. 250 पौंडी थेट बसला तर काम व्हायचं. 11 मार्च 1940 ला ब्लेनहाइम या ब्रिटिश बॉम्बर विमानाने यू-31 बुडवली ती तशीच.

फ्यूजचं दुखणं वेगळं. कमी उंचीवरून उडत टाकलेला बॉम्ब पाण्यावर तिरका आपटून उसळतो. आपटताक्षणी फ्यूज चालू झालेला असतो, म्हणून तो हवेतच, टाकणाऱ्या विमानाखाली फुटतो. 14 सप्टेंबर 1939 ला यू-30 वर गेलेली 'आर्क रॉयल' या विमानवाहू नौकेची दोन स्कुआ विमानं अशीच आपल्याच बॉम्बनी पाडली.

धागाकर्ता:
मग डेप्थ चार्जला हा त्रास नव्हता?

प्रतिसाद २:
उसळायचा तोही, पण त्याचं पिस्टल, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, पाण्याच्या दाबावर चालतं. हवेत दाबच नाही, त्यामुळे विमान वाचतं.

खरी गोम खोलीत. आधी स्फोटाच्या खोलीचं सेटिंग 100 फूट, म्हणजे 30 मीटर. बोट दिसतेय किंवा नुकतीच बुडी मारतेय तेव्हा तिचा तळ जेमतेम 5 मीटरवर, आणि 250 पौंडी डेप्थ चार्जचा मारक पल्ला 6 मीटरच्या आसपास. स्फोट खाली, बोट वर! बराच वेळ आधी बुडालेली बोट खोल असते खरी, पण ती नेमकी कुठे आहे हेच माहीत नसतं. तिच्यासाठी सेटिंग राखणं फुकट. 1941 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी हाच हिशेब मांडून सेटिंग उथळ करायला सांगितलं.

नुसता आकडा बदलून भागलं नाही, हे लेखात जरूर घ्या. पाण्यात शिरताना चार्जभोवती हवेची पोकळी राहते, पिस्टलला दाब उशिरा कळतो आणि स्फोट ठरल्यापेक्षा खोल होतो. त्यासाठी नाक खोलगट केलं, शेपूट आपटल्यावर तुटेल असं बसवलं, नवं पिस्टल आणलं. खरे 25 फूट 1942 च्या मध्याला मिळाले; त्याच सुमारास टॉरपेक्स हे जास्त जोरदार स्फोटकही आलं. त्यामुळे त्या वर्षीच्या यशाचं सगळं श्रेय एकट्या सेटिंगला देऊ नका.